पट्टा सांगतो डावीकडे, गाडी येते उजवीकडून

मृग लागला की माझ्या टेबलावर दोन गोष्टी हमखास येतात: पाणी गेलेले मोबाइल आणि दिशा चुकलेले पट्टे. मोबाइलचं कुणीही सांगेल. पट्ट्यांचं मी लिहून ठेवतो, कारण तोच बिघाड मी इतक्या वेळा काढलाय की आता माणूस पायरी चढतानाच मला अंदाज येतो.

आधी पट्टा म्हणजे काय ते सांगतो. एका कानाने ऐकू येत नसलेल्या माणसाला आवाज येतो, पण तो कुठून आला हे कळत नाही. आपल्या दोन कानांत जेमतेम वीतभर अंतर. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला आधी पोचतो, डाव्याला जरा नंतर. हा ‘जरा’ फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाचा सहा-सात दशांश असतो. मेंदू तेवढ्यावर दिशा काढतो. एक कान गेला की हा हिशोबच बंद पडतो. आमच्या गुहागरसारख्या ठिकाणी एका बाजूला गडगा, दुसऱ्या बाजूला गटार आणि मधून एसटी जाते. तिथे हा हिशोब चुकून चालत नाही.

पट्टा हाच हिशोब कमरेवर करतो. रबरासारखा ताणला जाणारा सिलिकॉनचा पट्टा, त्यात चार माइक, दोन पुढे आणि दोन मागे. माइक, चिप, बॅटरी हे कडक भाग लहान लहान बेटांवर बसवलेले आणि बेटांना जोडणाऱ्या तांब्याच्या तारा नागमोडी, म्हणजे पट्टा ताणला तरी तार न तुटता उलगडते. मनगटावर वेगळी छोटी पट्टी असते. तिच्यात चार थरथरणाऱ्या मोटरी. आवाज ज्या बाजूचा, त्या बाजूची मोटर थरथरते. आमच्याकडचे पट्टे एका इंजिनियरिंग कॉलेजच्या मुलांनी प्रोजेक्ट म्हणून केले होते. मुलं पास होऊन पुण्याला गेली, पट्टे इथेच राहिले आणि दुरुस्ती माझ्या गळ्यात आली.

लक्षणं

लोक येऊन सांगतात ते असं. ‘बाजू उलटी दाखवतो.’ ‘मागून गाडी आली तरी पुढची मोटर थरथरते.’ ‘सकाळी बरोबर असतो, जेवल्यावर बिघडतो.’ ‘थोडं उजवीकडचं पण एकदम काटकोनात दाखवतो.’ ‘हॉर्नला चुकतो, बोलण्याला बरोबर असतो.’ ‘समोरचीच मोटर, दिवसभर.’ ‘थांबतच नाही, नुसता थरथरत बसतो.’ ‘पाऊस असला की वेडा होतो.’

या प्रत्येकाचं कारण वेगळं आहे. म्हणून दुरुस्तीला येणाऱ्याला मी पहिला प्रश्न ‘बिघडलाय का?’ असा विचारतच नाही. ‘कसा चुकतो?’ असं विचारतो. नेहमी उलटा, नेहमी जास्त, नेहमी एकच बाजू, की कधी असं कधी तसं? याचं उत्तर मिळालं की अर्धं काम झालं. आणि पट्टा उघडण्याची घाई करू नका. मी स्वतः पहिले तीन पट्टे विनाकारण उघडले. त्यातले दोन आधी ठणठणीत होते, माझ्यामुळे बिघडले.

घातलाय कसा ते बघा

याला एक पैसाही लागत नाही. पट्टा खालचा वर झाला की पुढचे माइक पुढेच राहतात, पण डावा उजवीकडे जातो. मनगटावरची पट्टी मात्र सुलटीच असते, म्हणून बाजू उलटी कळते. बक्कल पाठीमागे गेलं असेल तर पुढचं मागे आणि डावं उजवं, सगळंच उलटं. माझ्या अनुभवात ‘बाजू उलटी’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं. पट्ट्याच्या वरच्या कडेला मी आता लाल दोऱ्याचे दोन टाके घालून देतो. डोळ्यांनी कमी दिसणाऱ्यालाही ते बोटाला लागतात. मनगटाची पट्टीही फिरते, विशेषतः घाम आला की. तिच्यावर एक खूण करा आणि ती अंगठ्याच्या रेषेत ठेवा.

आता ‘थांबतच नाही’ ही तक्रार. खालच्या पाटातले एक आजोबा तीनदा येऊन गेले. दुकानात बसले की पट्टा गप्प, घरी गेले की थरथर. चौथ्या वेळी मी त्यांच्या अंगणात जाऊन बसलो तेव्हा कळलं. आजोबा विठ्ठलासारखे कर कटावर ठेवून उभे राहतात. मनगटाची मोटर थेट कमरेच्या माइकला टेकलेली. मोटर थरथरली की माइकला तो आवाज वाटतो, पट्टा पुन्हा मोटर चालवतो, मोटर पुन्हा आवाज करते. आजोबांना म्हटलं, ‘पांडुरंगाला नमस्कार करा आणि हात खाली सोडा.’ तेव्हापासून बंद.

कपडेही बघा. खोचलेला पदर एका माइकवर आला की त्या बाजूचा आवाज दबतो आणि कापड घासल्याची खरखर वर. प्लास्टिकच्या रेनकोटाखाली पट्टा घातलात तर प्रत्येक थेंब त्याला ढोल वाटणार. पावसात वेडा होतो तो बऱ्याचदा यामुळेच. पट्टा रेनकोटावरून बांधू नका, भिजेल. त्या वेळी तो बंद ठेवा आणि रस्त्याच्या कडेने चाला.

जागा आणि आवाज

घरात तपासणी करू नका. जांभ्याची भिंत, वर पत्रा, खाली शहाबादी फरशी असली की आवाज चार ठिकाणांहून परत येतो. कधी सरळ आलेल्या आवाजापेक्षा भिंतीवरून आलेलाच मोठा असतो आणि पट्टा भिंतीकडे बोट दाखवतो. पाखाडीत दोन्ही बाजूंना गडगे असतील तर तिथेही तेच. पट्टा खोटं बोलत नसतो. आवाज खरोखरच तिकडून आलेला असतो.

दुसरं म्हणजे कसला आवाज वापरता. बहुतेक जण मोबाइलची रिंग वाजवतात किंवा शिट्टी घालतात. शिट्टीसारख्या एकसुरी आवाजाच्या लाटा सगळ्या सारख्याच दिसतात. दोन माइकांत २० सेंटिमीटर अंतर असेल तर साधारण ८५० हर्ट्झच्या वरच्या एकसुरी आवाजात पट्ट्याला कळत नाही की डाव्या माइकवरची ही लाट उजव्यावरच्या कुठल्या लाटेची जोडीदार. एक लाट पुढे-मागे जुळवली की दिशा भलतीच. काही हॉर्नांना पट्टा चुकतो तो याच कारणाने, आणि हा दुरुस्तीचा विषय नाही. टाळी, खोकला, बोलणं, टायरची खरखर यांत सगळे सूर मिसळलेले असतात, म्हणून तिथे जोडी एकच जमते.

तपासायला मी दोन करवंट्या वापरतो. एकमेकींवर आपटल्या की आवाज तोकडा, कोरडा आणि प्रत्येक वेळी सारखा येतो. टाळी माणसागणिक बदलते. २०२२ मध्ये एमआयटीच्या लोकांनी ऐकणारं कापड विणलं, त्याच्या धाग्यातच आवाज पकडणारा पदार्थ ओढलेला होता. त्यांनीही दिशा ओळखायला टाळीच वापरली. त्यांच्याकडे करवंट्या नसाव्यात.

जागा म्हणाल तर ओहोटीची पुळण. सकाळी लवकर वारा पडलेला असतो, समुद्र लांब गेलेला असतो आणि आजूबाजूला भिंत नसते. ओल्या वाळूत काठी रोवा, तीन मीटर दोरीने वर्तुळ काढा आणि घड्याळासारख्या आठ खुणा करा. पट्टा बांधलेला माणूस मध्ये उभा, तोंड समुद्राकडे, डोळे मिटलेले. दुसऱ्याने प्रत्येक खुणेवर जाऊन करवंट्या वाजवायच्या, पट्ट्याने काय सांगितलं ते वहीत लिहायचं. दुपारी जाऊ नका. वारा माइकच्या भोकावर फुंकर घालतो आणि पट्ट्याला चारी बाजूंनी घोंगावणंच ऐकू येतं.

पाच-सहा अंशांची चूक दिसली तर सोडून द्या. हे पट्टे सेकंदाला १६,००० वेळा आवाजाचा नमुना घेतात. दोन नमुन्यांच्या मधल्या वेळात आवाज दोन सेंटिमीटरहून थोडा जास्त पुढे जातो. २० सेंटिमीटरच्या अंतरात त्यामुळे समोरच्या दिशेला साधारण सहा अंशांची एक पायरी पडते. त्याहून बारीक त्याला दिसतच नाही.

आता टेप घ्या

ही तपासणी मी सगळ्यात वर ठेवली असती, पण वहीतले आकडे हाताशी असल्याशिवाय ती कळत नाही. वरच्या दोन्ही गोष्टी ठीक असूनही दिशा चुकत असेल तर निम्म्याहून जास्त वेळा दोष इथे सापडतो.

पट्टा ताणला जातो हा त्याचा गुण, आणि तोच त्याचा रोग. दिशा काढायला पट्ट्याला दोन गोष्टी लागतात: दोन माइकांना आवाज किती वेळाच्या फरकाने आला आणि त्या माइकांत अंतर किती. वेळ तो मोजतो. अंतर मोजत नाही, ते कुणीतरी एकदा भरून ठेवलेलं असतं. समजा पट्ट्याच्या ॲपमध्ये २० सेंटिमीटर भरलंय. पट्टा नवा होता, मालक सडपातळ होता. दोन पावसाळे गेले, सिलिकॉन थोडा सैलावला, मालकाचं पोट थोडं पुढे आलं आणि पुढचे माइक २४ सेंटिमीटरवर गेले.

आता ३० अंश उजवीकडून आवाज आला की उजव्या आणि डाव्या माइकपर्यंतच्या वाटेत १२ सेंटिमीटरचा फरक पडतो. पट्टा हे १२ सेंटिमीटर २० मध्ये बसवून बघतो आणि उत्तर देतो ३७ अंश. आवाज ६० अंशांवरून आला तर वाटेतला फरक जवळजवळ २०.८ सेंटिमीटर. माइकच जर २० सेंटिमीटरवर आहेत तर फरक त्याहून जास्त होईलच कसा? गणिताला उत्तरच नाही. मग हा पट्टा सरळ ९० अंश, म्हणजे काटकोन दाखवून मोकळा होतो. ‘थोडं उजवीकडचं पण एकदम काटकोनात’ ही तक्रार इथून येते.

उलटही होतं. थोरल्याचा पट्टा धाकट्याने घेतला, तो आखडून १७ सेंटिमीटरवर बसला, तर ६० अंशांचं ४७ होतं आणि अगदी बगलेतून आलेला आवाजही ५८ च्या पुढे जात नाही. वहीत सगळे आकडे ओढून समोर आणल्यासारखे दिसले की समजा, पट्टा आखूड आहे.

माप घेताना एक चूक सगळे करतात, टेप पोटावरून फिरवतात. आवाज पोटावरून वळसा घालून येत नाही. माइकपासून माइकपर्यंत सरळ रेषेतलं अंतर हवं. मी सुताराकडचे दोन गुण्ये घेतो, एकेक माइकला टेकवून समांतर उभे धरतो आणि मधलं अंतर फूटपट्टीने मोजतो. पट्टा अंगावर असताना, माणूस उभा असताना, श्वास न रोखता. मग बसवून पुन्हा एकदा. दोन्हींत एक-दीड सेंटिमीटरचा फरक येतोच, मधला आकडा ॲपमध्ये भरा. मागच्या जोडीचंही तसंच.

जेवल्यावर बिघडणारा पट्टा हाच. वरच्या पाटातल्या एका काकूंचा पट्टा दर गणपतीत चुकायचा. ‘देवाच्या आरतीतच कसा रे बिघडतो मेला?’ म्हणून त्या माझ्यावर चिडायच्या. काकू, दोष आरतीचा नाही, एकवीस उकडीच्या मोदकांचा आहे, हे मी त्यांना कधी तोंडावर बोललो नाही. फक्त बक्कल एक घर सैल करून दिलं. सिलिकॉनऐवजी बक्कलाकडच्या कापडी भागाने पोटाला जागा दिली, माइक होते तिथेच राहिले.

कुणीतरी हमखास म्हणतं, दमट हवेमुळे आवाजाचा वेग बदलत असेल. बदलतो, पण किती? २० अंश सेल्सियसला सेकंदाला ३४३ मीटर, ३० अंशांना साधारण ३४९. दोन टक्केही नाही. दमटपणाचा परिणाम त्याहूनही कमी. चार सेंटिमीटरच्या ताणाने जो वीस टक्क्यांचा घोळ होतो त्याच्यापुढे हे काहीच नाही. हवेला दोष देऊ नका.

चार्ज आणि चार खांब

बॅटरी पूर्ण चार्ज करून पुन्हा बघा. उतरलेल्या बॅटरीवर मोटर चालू झाली की व्होल्टेज दबतं आणि चिप मध्येच दम तोडून पुन्हा सुरू होते. एवढंच.

मग ॲप उघडा. त्यात चार माइकांचे चार खांब दिसतात. प्रत्येक माइकच्या शेजारी बोटाने हलकेच घासा आणि त्याचाच खांब उठतो का ते पाहा. मागच्या दोन्ही माइकांचे खांब मेलेले असतील तर ‘मागचं पुढे’ का दाखवतो ते लगेच कळेल. पुढच्या दोघांना समोरचा आवाज आणि तेवढ्याच कोनातला मागचा आवाज सारख्याच फरकाने येतो, आरशातल्यासारखा. पुढे की मागे हे ठरवायलाच मागची जोडी आहे.

खांब मेलेला नाही पण शेजाऱ्यांपेक्षा ठेंगणा आहे, असं असेल तर भोक बुजलंय. माइकचं भोक मोहरीहून बारीक, त्यावर पाणी अडवणारा पण हवा सोडणारा पातळ पडदा. त्यावर घामाचं मीठ, पावडर, अबीर, काहीही बसतं. त्याने आवाज दबतो आणि थोडा उशिराही पोचतो. उशीर झाला की दिशा चुकली. मऊ, कोरड्या ब्रशने वरवर झटका. अजून धूळ असेल तर कमी चिकट टेप हलक्या हाताने लावून उचला. पिन घालू नका. ब्लोअरने फुंकू नका, आतला पडदा केसाहून पातळ असतो, फाटतो. स्प्रे तर नकोच. आणि भिजलेला पट्टा तांदळाच्या डब्यात ठेवू नका. तांदळाची भुकटी थेट त्या भोकांत जाते. मी त्यात पिठाचे गोळे झालेले पाहिलेत.

हिरवं टिचबटण

इथून पुढे हाताला थोडं काम आहे. पट्टा आणि बॅटरीची डबी टिचबटणांनी जोडलेली असते, चार ते सहा बटणं. आपल्याकडची हवा खारट. बटणावरचा मुलामा एकदा झिजला की आतलं पितळ हिरवं पडतं. हिरवट थर म्हणजे वीज जायला अडथळा, आणि हालचालीबरोबर तो कमी-जास्त होतो. ‘कधी असं कधी तसं’ या तक्रारीचं पहिलं कारण हेच. सगळ्या माइकांची समाईक ग्राउंडची तार जर अशा खराब बटणातून जात असेल तर एकच खरखर चारी माइकांत एकाच क्षणी शिरते. वेळेचा फरक शून्य, म्हणजे पट्ट्याच्या हिशोबाने आवाज बरोब्बर समोरून. ‘समोरचीच मोटर, दिवसभर’ ती ही.

बॅटरी काढा. मोबाइलवाल्यांकडे मिळणाऱ्या आयपीएत, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, जुना टूथब्रश बुडवून बटणं घासा, पुसा, पंख्याखाली वाळू द्या. माइकच्या भोकांवर आधी टेप लावून ठेवा. एका घरी तांब्याचा गडू घासतात तशी आमसुलं लावून बटणं घासली होती. आली तेव्हा सोन्यासारखी चकचकत होती. आठ दिवसांनी परत आली ती पहिल्यापेक्षा हिरवी. आंबट फटीत राहिलं आणि त्याने मुलामाही खाल्ला. चिंच, लिंबू, आमसूल हे भांड्यांना.

पट्टा समुद्रात पडला असेल तर चालू करून बघायचा मोह आवरा. मीठ, पाणी आणि वीज एकत्र आली की तांबं फार वेगाने खाल्लं जातं. आधी बॅटरी काढायची, भोकं टेपने बुजवायची, मग इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुवायचा. दोन दिवस पंख्याखाली, मग सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात. उन्हात टाकू नका. सिलिकॉनमधून पाण्याचा थेंब जात नाही पण वाफ जाते, म्हणून वरून कोरडा दिसला तरी आत ओल असू शकते.

तार

हे काम मीटर वापरता येणाऱ्यानेच करावं. नागमोडी तार ही कल्पना जुनी नाही. २००६ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या जॉन रॉजर्स यांच्या गटाने रबरावर लाटांसारखं वळवलेलं सिलिकॉन दाखवलं, म्हणजे चिपमधलं सिलिकॉन, पट्ट्यातलं नव्हे. काचेसारखा ठिसूळ पदार्थ, पण लाट दिली की ताणाला दबत नाही. आपल्या पट्ट्यात तांब्याला तीच युक्ती वापरली आहे. नागमोड मधोमध क्वचितच तुटते. तुटते ती मऊ सिलिकॉन संपून कडक बेट सुरू होतं त्या सीमेवर, कारण सगळा ताण तिथे येऊन थांबतो. घाटात दरड पडते ती कापलेल्या कडेलाच, तसं.

बॅटरी काढून एकेका तारेच्या दोन टोकांना मीटर लावा. माइकच्या पायांना नको, तारेच्या टोकांनाच. माझ्याकडच्या पट्ट्यांत धड तार दोन ते चार ओम दाखवते. आता पट्टा हळूच ताणा, दहा सेंटिमीटरचा साडेअकरापर्यंत, त्याहून जास्त नाही. आकडा थोडा हलला तर हरकत नाही. मध्येच उडी मारून तार ओपन, म्हणजे तुटलेली दाखवली आणि सोडल्यावर परत जुळली तर तिथे चीर आहे. या कामाला डिजिटलपेक्षा जुना काट्याचा मीटर बरा. क्षणभराचा तुटवडा डिजिटल आकड्यात दिसायच्या आत निघून जातो, काटा मात्र दचकतो. माझा काट्याचा मीटर वडिलांचा आहे, व्हॉल्व्हचे रेडिओ त्याच्यावर दुरुस्त झाले. आता पट्टे होतात.

चीर सापडली तर बेटाच्या कडेला सिलिकॉनची छोटी खिडकी कापायची. सुईभोवती गुंडाळून नागमोडी केलेली बारीक तार घ्यायची, तिचं एक टोक बेटावर आणि दुसरं तुटलेल्या जागेच्या पलीकडे जोडायचं. सिलिकॉनखालची प्लास्टिकची फिल्म नेहमीच्या सोल्डरच्या उष्णतेने वितळते, म्हणून मी १३८ अंशांना वितळणारा बिस्मथ-कथिलाचा सोल्डर वापरतो आणि सोल्डरिंग आयर्न दोन सेकंदांच्या वर टेकवत नाही. जुना शिशाचा सोल्डर आधी पूर्ण काढा. दोन्ही मिसळले की जोड ठिसूळ होतो.

खिडकी बुजवायला हार्डवेअरच्या दुकानातला सिलिकॉन आणाल तर नळी उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर परत करा. तो वाळताना आम्ल सोडतो आणि ताज्या तांब्याला खातो. ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलाच मागा. तो हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. जुलैमध्ये गुहागरात कपडे वाळत नाहीत, पापड वाळत नाहीत, हा एकटा वाळतो. तरी एक दिवस हात लावू नका. झटपट चिकटणारा गोंद इथे वापरू नका. सिलिकॉनला तो नीट धरत नाही आणि धरला तर दगडासारखा होतो. मग नवी सीमा तयार होते, आणि पुढची चीर बरोब्बर तिथे.

इथे थांबा

एकाच पट्ट्यात दोनहून जास्त चिरा निघाल्या तर जोडत बसू नका, पट्टा थकलाय. नवा करून घेणं स्वस्त पडतं.

तारा धड आहेत, बटणं स्वच्छ आहेत आणि तरी एका जोडीतला एक खांब कायम रिकामा असेल, तर माइक मेला असेलच असं नाही. दोन माइक एकाच तारेवर पाळीपाळीने बोलतात, एकाला डावी पाळी आणि दुसऱ्याला उजवी. ही पाळी ठरवणारा पाय निसटला की दोघं एकाच पाळीत बोलू लागतात आणि दुसरी पाळी मोकळी. हे सूक्ष्मदर्शकाखालचं काम आहे, पाय माइकच्या पोटाखाली असतात. मीही ते करत नाही, चिपळूणला किंवा पुण्याला गरम हवेचं मशीन असलेल्या माणसाकडे पाठवतो.

बॅटरी फुगलेली दिसली, डबीचं झाकण उचललेलं दिसलं, गोडसर वास आला, तर त्या क्षणी थांबा. टोचू नका, दाबू नका, चार्जिंगला लावू नका. घराबाहेर, फरशीवर, जळण्यासारखं काही नसलेल्या जागी ठेवा आणि बॅटऱ्या हाताळणाऱ्या माणसाला बोलवा.

आणि एक. गेल्या वर्षी पालशेतचे एक गृहस्थ पट्टा घेऊन आले. म्हणाले, ‘कालपासून काहीच धड सांगत नाही. मोटर थरथरते, पण तिकडे आवाजच नसतो.’ मी सगळं पाहिलं. पट्टा धड होता, माप बरोबर होतं, चारी खांब सारखे होते. शेवटी मी त्यांच्या चांगल्या कानाशी बोटं चोळली. त्यांना काहीच कळलं नाही. आवाज होता, पट्टा तो बरोबर सांगत होता. त्यांचा दुसरा कान एका रात्रीत गेला होता. मळ असेल म्हणून ते तेल घालणार होते. मी त्यांना दुकानात बसूही दिलं नाही, रिक्षा बोलावली. अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचं असतं. उपचार जितके लवकर सुरू होतील तितकी ऐकू परत येण्याची शक्यता जास्त. म्हणून ‘आवाज नसतानाच थरथरतो’ अशी तक्रार आली की मी आता मीटर काढण्याआधी माणसाच्या दोन्ही कानांशी बोटं चोळून बघतो.

एवढं करूनही पट्टा माझ्याकडे आणणार असाल तर मनगटाची पट्टी, चार्जर आणि वाळूतल्या वर्तुळाची वही तिन्ही घेऊन या. आणि पट्टा ज्याचा, त्यालाच आणा. माप त्याच्या अंगावर घ्यायचं आहे.